सांगवी ते मोरगाव

मागच्या मे महिन्यात माहेरी गेले होते तेव्हाची गोष्ट. यावल-रावेरकडचा मे ज्यांनी काढलाय त्यांना काही सांगायला नको, अकरा वाजले की रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, पारा पंचेचाळीसच्या वर आणि केळीच्या बागांवरून येणारा वारासुद्धा चटका देणारा. घरातले सगळे पुढच्या स्लॅबच्या खोलीत कूलर लावून झोपलेले, मी आणि मोठी माय मात्र मागच्या जुन्या धाब्याच्या घरात, कारण त्या घराला अजूनही कूलर लागत नाही, जाड मातीच्या भिंती आणि वर छपरावर खाऱ्या मातीचा थर. मोठी माय म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको, ऐंशीच्या पुढची, चौथीपर्यंत शिकलेली, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय तरी बारीक अक्षर दिसत नाही. मी भालचंद्र नेमाड्यांची 'हिंदू' कादंबरी घेऊन बसले होते, मधूनमधून काढून वाचते तशी. तिनं विचारलं, "काय वाचते व एवढं जाडं?" म्हटलं, ऐक. आणि वाचून दाखवायला लागले, सुरुवातीपासून वगैरे काही नाही, मधलीच पानं, जिथं घरातली भांडणं आहेत, शेतं आहेत, आत्या-मावश्या आहेत. ती भिंतीला टेकून ऐकत होती, मधेच हुंकार, मधेच "बरोबर हाये", एका ठिकाणी तर इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. बऱ्याच वेळानं नीट उठून बसली आणि म्हणाली, "हे त आपल्याकडचंच गाव हाये. मंग त्यानं नाव काबरं बदललं?"

मी म्हटलं, अगं कादंबरीत असं करतात, त्यांचं गाव सांगवी, इथं मोरगाव केलंय. तिला ते पटलं नाही. "पयल्या पुस्तकात त सांगवी होती म्हनते ना तू? मंग आता काय भ्यायला का तो?"

मला उत्तर सुचलं नाही. आणि तो प्रश्न नाशिकला परत आल्यावरही डोक्यातून जाईना.

ते पहिलं पुस्तक म्हणजे 'कोसला', ती मी वाचली जळगावला हॉस्टेलवर असताना. लायब्ररीची कॉपी, बाइंडिंग सुटलेलं, समासात कुणीकुणी पेनानं रेघा मारलेल्या, आणि आमच्या आधीच्या किती बॅचेसनी ती फिरवली असेल देव जाणे. तोवर मराठी पुस्तकातली माणसं म्हणजे पुण्या-मुंबईची, नाहीतर मग कोकणातली, फार तर देशावरची, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. आमच्याकडची माणसं पुस्तकात येतात हे मला साने गुरुजी अमळनेरला शिक्षक होते म्हणून थोडंफार माहीत, आणि बहिणाबाई तर सगळ्यांना तोंडपाठ, पण ते वेगळं. इथं एक पोरगा आमच्याच पट्ट्यातून निघून पुण्याला कॉलेजला जातो, वडिलांच्या पैशानं राहतो, मेसचं सेक्रेटरीपद काय, गॅदरिंग काय, सगळ्यात पडतो, कर्ज करून बसतो, परीक्षेत आपटतो आणि शेवटी गावी येऊन बसतो. बस एवढंच. त्यात मोठं काही घडत नाही. एक धाकटी बहीण देवीनं जाते, ते सोडून. त्या मनीच्या मरणाची पानं मी हॉस्टेलच्या गच्चीवर वाचली आणि नंतर दोन दिवस माझं जेवणात लक्ष नव्हतं. आमच्या घरात देवीनं गेलेल्या एका मुलीचं नाव मोठी माय अजून अक्षय तृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीला, घेते. तिचा फोटो नाही, काही नाही. फक्त नाव.

ही कादंबरी आली १९६३ साली, देशमुख आणि कंपनीनं काढली, तेव्हा नेमाडे पंचवीस वर्षांचे होते. जन्म १९३८ चा, यावल तालुक्यातल्या सांगवीचा. म्हणजे भुसावळहून तापीचा पूल ओलांडला की सातपुड्यापर्यंत जो सपाट काळ्या मातीचा पट्टा लागतो तिथला. हा पट्टा नकाशावर अगदी चिंचोळा आहे. एका बाजूला तापी, दुसऱ्या बाजूला डोंगर, मधे गावाला गाव लागून, फैजपूर, सावदा, यावल, आणि सगळीकडे केळी. या फैजपुरातच १९३६ साली काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं, खेड्यात भरलेलं पहिलं, आणि त्याच्या गोष्टी आमचे आजोबा अशा सांगायचे जणू कालच पंडित नेहरू आमच्या ओट्यावर बसून गेले. म्हणजे हा काही झोपलेला मुलूख नव्हता. सावद्याच्या स्टेशनवरून केळीचे वॅगन दिल्लीकडे जायचे, बाजारभाव रोज बदलायचा, भुसावळचं जंक्शन जवळ, घरोघरी पोरं शिकायला बाहेर. नेमाडे त्याच लाटेतले. फर्ग्युसन, मग डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्र, मग मुंबईला इंग्रजीत एम. ए. पण बाहेर जाऊन शिकलेल्या शंभर पोरांतले नव्व्याण्णव बाहेर राहायला शिकतात, कसं बोलायचं, कसं हसायचं, गावचं कोणतं लपवायचं. त्यांनी ते लपवलं नाही, हे मला हॉस्टेलवर वाचताना फार जाणवलं होतं, आणि त्याचा धीर पण आला होता, कारण मी स्वतः तेव्हा वर्गात "मले" म्हणायचं टाळायची.

मोठ्या मायच्या प्रश्नानंतर एक गोष्ट नव्यानं लक्षात आली. 'कोसला'तला नायक पांडुरंग सांगवीकर. आता आमच्या पट्ट्यात गावावरून पडलेली 'कर'वाली आडनावं जवळपास नाहीतच. पाटील, चौधरी, महाजन, झोपे, भंगाळे, फेगडे, बोंडे, अशी असतात. गावात राहणाऱ्याला कुणी गावाच्या नावानं कशाला हाक मारेल, सगळेच तिथले. सांगवीकर हा फक्त पुण्यात सांगवीकर असतो. म्हणजे ते आडनावच परगावी राहणाऱ्या माणसाचं आहे, बाहेर गेल्यावर अंगाला चिकटलेलं. पंचवीस वर्षांच्या लेखकानं आपल्या गावाचं खरं नाव नायकाच्या कपाळावर लिहिलं याचा अर्थ मला आता असा वाटतो की त्याला तेव्हा फक्त स्वतःचं सांगायचं होतं. मी, मी आणि मी. माझं दुःख, माझी फजिती, माझे वडील, माझी बहीण. एवढं सांगायला खरं गाव चालतं. आपल्या स्वतःबद्दल माणूस कितीही खरं बोलू शकतो, त्यात दुसऱ्या कुणाची अब्रू जात नाही, वडिलांची थोडी जाते पण ती घरातली गोष्ट.

नंतरचं आयुष्य मात्र गावाबाहेरच गेलं. नगर, धुळे, औरंगाबाद, मधे लंडन, नंतर गोवा, मग मुंबई विद्यापीठ. इंग्रजीचे प्राध्यापक. मध्यंतरी साठच्या दशकात 'वाचा' नावाचं अनियतकालिक चालवलं, ती सगळी लघुअनियतकालिकांची धामधूम. त्यातून मग चांगदेव पाटील आला, 'बिढार', 'हूल', 'जरीला', 'झूल'. चार कादंबऱ्या, एकच माणूस. एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, ट्रंक उचलायची आणि निघायचं. आमच्याकडं केळीचा घड काढला की मूळ झाड कापून टाकतात आणि बुंध्याशी आलेलं पील राखतात, पुढच्या वर्षी तीच पिलबाग. त्या चार कादंबऱ्या मला अशाच वाटतात, 'कोसला'चं झाड कापलं आणि त्याच कंदातून चांगदेव वर आला, जमीन तीच, पाणी तेच, नाव नवीन. पांडुरंग गावी येऊन बसला होता. चांगदेवला ती सोय नाही, त्याला नोकरी करायचीय.

चांगदेव हे नाव तरी बघा. मुक्ताईनगरजवळ तापी आणि पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं देऊळ आहे, काळ्या दगडाचं, आम्ही लहानपणी तिथं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून जायचो, भरीत आणि कळण्याच्या भाकरी बांधून. पूर्वी लोक मुक्ताईनगरला एदलाबाद म्हणायचे, म्हातारे अजून म्हणतात. दोन नद्या एकमेकींत मिसळतात तिथं पाण्याचे दोन रंग दिसतात पावसाळ्यात, एक लाल, एक करडा. आमच्याकडच्या माणसानं फिरत्या मास्तराला चांगदेव म्हटलं की आम्हाला ते देऊळ आणि तो वाऱ्याचा आवाज ऐकू येतो, बाकीच्यांना योगी आणि कोरं पत्र आठवत असेल. दोन्ही बरोबरच. पण हा असा आतला इशारा फक्त आपल्यासाठी ठेवलाय असं वाटून जो आनंद होतो ना, तो कुठल्याही मोठ्या समीक्षेत लिहिलेला मी वाचला नाही. प्रादेशिक लेखक कशाला म्हणतात ते मला त्यावरून कळलं. प्रदेशाबद्दल तर कुणीही लिहील. पण हे लिहिताना आमच्याकडचा वाचकच समोर बसलेला होता आणि त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही.

'झूल' आली १९७९ साली. 'हिंदू' आली २०१० साली.

मधली एकतीस वर्षं. आमच्या वडिलांचे एक मित्र होते, हायस्कुलात मराठी शिकवायचे, ते दर दिवाळीला आले की सांगायचे, मोठी कादंबरी येतेय, हडप्पापासून सुरू होते म्हणे, येईलच आता. मी शाळेत होते तेव्हा सांगायचे, माझं लग्न झालं तेव्हा सांगायचे. त्या वर्षांत नेमाड्यांचं काही थांबलं होतं असं नाही, 'टीकास्वयंवर' आलं, १९९० चं साहित्य अकादमी मिळालं त्याला, कविता आल्या, देशीवादावर, म्हणजे साहित्य आपल्याच मातीतून यावं या त्यांच्या म्हणण्यावर, केवढी भांडणं झाली, ते कथेला दुय्यम म्हणतात म्हणून कथालेखक चिडले, संमेलनावर बोलतात म्हणून संमेलनवाले चिडले, सगळं चालू होतं. पण आमच्याकडची साधी वाचणारी माणसं, म्हणजे हे मास्तर, पोस्टातले एक काका, जिनिंगमध्ये हिशेब लिहिणारे एकजण, यांना त्या भांडणांचं फार काही नव्हतं. ते कादंबरीची वाट बघत होते. कापसाचा भाव पडला, केळीवर रोग आला, हतनूरचं धरण होऊन गेलं, पोरं अमेरिकेला गेली आणि हे लोक एका कादंबरीची वाट बघत होते. मास्तर 'हिंदू' यायच्या आधी गेले. त्यांच्या मुलाला मी एक कॉपी पाठवली होती, त्यानं ठेवलीय असं म्हणाला, वाचली का ते मी विचारलं नाही.

एखादा माणूस एका पुस्तकासाठी इतकी वर्षं घेतो तेव्हा त्याला काय होत असेल याचा मी खूप विचार केलाय. नाव झालेलं असतं, दर दोन वर्षांनी एक पुस्तक दिलं असतं तरी लोकांनी घेतलं असतं. पण गावाची गोष्ट अशी वरवर सांगता येत नाही. आमच्याकडं साधं "तुझं लग्न कसं जमलं" असं मोठ्या मायला विचारा, ती तिच्या आजेसासूच्या भावापासून सुरू करते, मधे एक विहीर येते, त्या विहिरीवरून झालेली कोर्टकचेरी येते, मग प्लेगात गाव उठून शेतात राहायला गेलेलं ते येतं, आणि लग्नाशी यायला संध्याकाळ होते. आणि यातलं एक जरी काढलं तरी लग्न का जमलं ते नीट कळत नाही. नेमाड्यांना कथा छोटी वाटते याचं कारण लोक सिद्धांतात शोधतात, मला ते ओट्यावर सापडतं. जो माणूस असल्या बायकांचं बोलणं ऐकत मोठा झाला त्याला आठ पानांत काय मावणार?

'हिंदू' मी नाशिकच्या फ्लॅटमध्ये वाचली, रात्री सगळे झोपल्यावर, सहाशे पानांच्या आसपासचा तो ठोकळा पोटावर घेऊन. नायक खंडेराव मोहेंजोदडोला उत्खननावर असतो, वडील अत्यवस्थ असल्याची खबर येते, तो मोरगावला निघतो. वरवर एवढंच. आणि मग जे काही आठवत जातं, घर, वाडा, बलुतेदार, शेतं, ओव्या, शिव्या, लग्नं, मयतं, पंथ, देव, आत्या, बहिणी, ते संपतच नाही. माझ्या ओळखीच्या कित्येकांनी शंभर पानांवर सोडली, त्यांना गुदमरायला झालं म्हणे. मला समजतं ते. पण मला असं झालं की प्रत्येक दोन पानांवर थांबावं लागायचं कारण माझंच काहीतरी वर यायचं. माळ्यावरच्या पितळी घागरी, ज्यांच्यावर पणजीच्या बापाचं नाव टाचलंय. कानबाईच्या सणाला रोटांचं पीठ कोण दळणार यावरून झालेला अबोला, जो दोन पिढ्या टिकला. सातपुड्यातून लाकडं घेऊन येणारे तडवी आणि पावरा आदिवासी, त्यांची नावं आमच्या आजीला माहीत होती, आईला थोडी माहीत, मला एकही नाही. कादंबरीच्या नावातच अडगळ आहे, जगण्याची समृद्ध अडगळ, आणि आमचं घर तेव्हा नेमकं अर्धं पाडायला काढलं होतं, त्यामुळे रोज फोनवर हेच चालायचं की हे ठेवायचं का ते भंगारात द्यायचं.

आणि हे सगळं मोरगावात. मोरगाव नावाची गावं महाराष्ट्रात बरीच आहेत, पण कादंबरीतलं मोरगाव त्यातलं कुठलं म्हणून शोधत बसण्यात अर्थ नाही असं मला वाटतं, कारण ते सांगवीपेक्षा खूप मोठं आहे. त्यात सांगवी आहे, आमचं गाव आहे, शेजारची पाच-पन्नास गावं आहेत. मोठ्या मायनं ऐकता ऐकता एका माणसाबद्दल ठामपणे सांगितलं, हा तर आपला अमुक. मला माहीत होतं की लेखकानं त्या माणसाला बघितलेलं असणं शक्य नाही. पण ती बरोबर होती. शिवाय तिचं माहेर रावेरकडचं, तर थोड्या वेळानं तिनं हळूच विचारलं, "मह्या माहेरचं बी आसीन का त्यात?" म्हटलं, असणार.

हे सांगवीत झालं नसतं. सांगवी पांडुरंगाची, त्याच्या एकट्याची. तिथं आपण वाचक म्हणून जातो, पाहुणे म्हणून बसतो, परत येतो. मोरगावात मात्र घुसता येतं.

आणि मला घुसायची गरज होती, हे मला वाचताना कळलं. मी या पट्ट्यातली मुलगी आहे, मुलगा नाही. मुलगा गाव सोडून जातो तेव्हा त्याची कादंबरी होते, तो परत येऊ शकतो, न आला तरी जमीन त्याची वाट बघते. मुलगी जाते तेव्हा ती फक्त सासरी जाते, त्याची कुणी नोंद करत नाही, सगळ्याच जातात. काही वर्षांपूर्वी आम्ही बहिणींनी तलाठ्याकडे जाऊन हक्कसोडच्या सह्या केल्या. कुणी जबरदस्ती केली नाही. भाऊ चांगला आहे, आजही हक्कानं केळी पाठवतो, आंबे पाठवतो, आजारपणात धावून येतो. पद्धत असते ती. सही करताना मला काहीच वाटलं नाही, घरी आल्यावर सगळ्यांनी मिळून शेवभाजी खाल्ली, हसलो खूप. नंतर 'हिंदू' परत वाचताना, वडील गेल्यावर सगळं आता खंडेरावच्या गळ्यात येणार, हा एवढा पसारा आता त्याचा, त्याला तो नको असला तरी त्याचाच, तिथं मी पुस्तक मिटलं. नको असलेलंसुद्धा मुलालाच मिळतं. त्या घरातल्या लेकी-आत्यांवर लेखकानं कमी लिहिलंय असं मुळीच नाही, उलट त्यांची दुःखं तो ज्या रागानं सांगतो तशी मी कुणा पुरुषानं सांगितलेली क्वचितच वाचलीत. पण सांगणारा खंडेराव आहे. ऐकून ठेवणारा, आठवणारा, ज्याच्याकडे हे सगळं जमा होतं तो मुलगा आहे.

म्हणून मला त्याच मातीतली दुसरी बाई आठवते. असोद्याची, जळगावात दिलेली, जन्म १८८० चा. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं, जात्यावर आणि शेतात त्या गाणी रचत गेल्या, मुलगा सोपानदेव आणि नात्यातला एक पोरगा यांनी ती उतरून ठेवली, आणि त्या १९५१ साली गेल्यावर, पुढच्या वर्षी ती अत्र्यांच्या प्रस्तावनेसह छापली गेली. आमच्या एवढ्याशा मुलखानं मराठीला दोन प्रचंड माणसं दिली, एक इंग्रजीचा प्राध्यापक आणि एक निरक्षर बाई. दोघांच्या लिखाणात मातीचा वास एकच आहे, बोलीतला 'ळ'चा 'य' एकच आहे. पण बहिणाबाईंच्या नावावर गाणी आहेत, लांबलचक कहाणी नाही. त्यांच्याकडं सामग्री नव्हती का? मला खात्री आहे की सहाशे पानांची त्यांच्याकडे सहज असणार. दळण संपायच्या आत जेवढं मावेल तेवढंच त्यांना मिळालं.

तर मोठ्या मायचा प्रश्न. नाव का बदललं.

माझं मत असं झालंय की भीती हे कारण नाही. 'कोसला'त लेखक स्वतःला उघडं करत होता, 'हिंदू'त सगळ्या गावाला. कुणाची लेक नांदायला जाईना, कुणी कुणाचा बांध कोरला, कुणाच्या घरात कोणत्या जातीच्या माणसाला कुठं बसवायचे, कुणाच्या म्हाताऱ्यानं काय काय केलं, हे सगळं खऱ्या नावाच्या गावात घातलं असतं तर त्या गावातल्या माणसांना दुसऱ्या दिवशी पारावर बसता आलं नसतं. आमच्याकडं लोक पुस्तक वाचत नाहीत म्हणतात, पण आपलं नाव आलंय असं नुसतं कानावर आलं तरी पान नंबरासकट शोधून काढतात. म्हणून त्यानं गावाला पदर दिला. यात मर्यादा आहे, माया आहे, आणि पंचवीस वर्षांच्या पोराला ती सुचणं शक्य नव्हतं. तेवढ्यासाठी बहात्तर वर्षांचं व्हावं लागतं, मधे नगर-धुळे-औरंगाबाद-लंडन-गोवा करावं लागतं, आपलं गाव आपल्या एकट्याचं नाही हे कळायला तेवढी वर्षं जात असतील. 'मी'पासून सुरुवात करून 'आपण'पर्यंत पोचणं, माझ्या दृष्टीनं त्यांची सगळी कारकीर्द ही एवढी आहे, आणि ती फार मोठी आहे.

ज्ञानपीठ जाहीर झालं २०१५ च्या फेब्रुवारीत, २०१४ सालचं. खांडेकर, कुसुमाग्रज, विंदा आणि मग हे, मराठीतले चौथे. माझा फोन त्या दिवशी सारखा वाजत होता, चुलतभाऊ, मावसबहिणी, शाळेतल्या मैत्रिणी, ज्यांनी आयुष्यात त्यांचं एक पान वाचलेलं नाही असे सगळे, आणि प्रत्येकाचं एकच, "आपल्या यावलचे हो!" मला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट भरून आलं. न वाचलेल्या पुस्तकाचा इतका अभिमान वाटणं यातसुद्धा काहीतरी खरं असतं, त्यांना कुठंतरी ठाऊक असतं की आपलं काहीतरी त्यात ठेवलेलं आहे. आता माझा भाचा फैजपूरला इंग्रजी शाळेत जातो, मराठी वाचताना अडखळतो, नेमाडे जन्मभर ज्याबद्दल ओरडत आले तेच आमच्या घरात झालं. त्याच्या आईला मी काही बोलू शकत नाही. ती स्वतः मराठी शाळेत शिकली आणि मुलाखतीत इंग्रजी आलं नाही म्हणून किती ठिकाणी नाकारली गेली ते मला माहीत आहे. लेखकाचं खरं आहे आणि तिचंही खरं आहे, आणि मी दोघांच्या मधे उभी.

लोक विचारतात की त्यांना प्रादेशिक म्हणायचं का. मला तो प्रश्न कळत नाही. सिंधूकाठच्या उत्खननापासून तापीकाठच्या खळ्यापर्यंत एका दमात येणारा माणूस कोणत्या प्रदेशातला? पण तो तापीकाठी येतो, दुसरीकडे जात नाही, हेही आहे. एवढ्या लांबून बघितल्यावर त्याला जे दिसतं ते धाब्याचं घरच असतं. केळीच्या दोन ओळींमधून वाकून चालणारी बाई असते. केळीची मृगबाग लावायची का कांदेबाग, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडी लावायची का पावसाळा सरताना, यावर रात्रभर चाललेली भावांची चर्चा असते. जगातलं मोठं काही सांगायला मोठं ठिकाण लागत नाही हे आम्हाला कुणी शाळेत सांगितलं नव्हतं.

'हिंदू' चार भागांत करायची असं त्यांनी पहिल्यापासून सांगितलेलं आहे, आलेला भाग पहिला. वय बघता असं मागणं मागू नये कदाचित, आणि एका लेखकानं एवढं दिल्यावर आणखी मागायचा हक्क तरी काय. पण मी मागणार. मला खंडेरावचं पुढं काय झालं त्याची तितकी उत्सुकता नाही, तो पुरुष आहे, शिकलेला आहे, त्याचं काहीतरी होईल. मला मोरगावातून बाहेर दिलेल्या त्या सगळ्या लेकींचं पुढं काय झालं ते वाचायचंय, कुठल्या कुठल्या गावांत त्या गेल्या, तिथं त्यांनी माहेरचं काय काय नेलं, कोणत्या ओव्या, कोणती भाजी, कोणता राग, आणि बाप गेल्यावर कागदावर सही करायला त्या परत आल्या तेव्हा त्या घरात कुणी त्यांना विचारलं का, की बाई, यातलं तुला काय पाहिजे.